खाणीतले मृत्यू, शोकसंगीत आणि जमाखर्च

इंग्लंडच्या ईशान्य भागातील डरहॅम या लहानशा शहरात दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा मेळावा भरतो. पहिला मेळावा १८७१ साली भरला. महायुद्धे आणि मोठे संप यांच्यामुळे तो मधूनमधून खंडित झाला, पण प्रथा मोडली नाही. सकाळपासून गावोगावच्या खाणींची भव्य रेशमी निशाणे आणि त्यांच्यासोबत पितळी वाद्यांचे बँड अरुंद रस्त्यांतून येऊ लागतात. पंढरीच्या वाटेवर प्रत्येक दिंडीला जशी आपली पताका आणि आपले टाळकरी असतात, तशी इथे प्रत्येक खाणीची स्वतंत्र ओळख असते. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल, तिच्या निशाणावर काळे कापड चढवण्याचा रिवाज होता. सारा समुदाय नदीकाठच्या मैदानात जमला की पुढाऱ्यांची भाषणे होतात. मात्र त्या मैदानातील सर्वांत गंभीर क्षण भाषणांचा नसतो. एक बँड एक संथ धून वाजवू लागतो आणि हजारो माणसे निःशब्द उभी राहतात. या धुनेला शब्द नाहीत. तिचे नाव ‘ग्रेसफर्ड’; लोक तिला ‘खाणकामगारांचे स्तोत्र’ म्हणतात.

डरहॅम कोळसाक्षेत्रातील शेवटची खोल खाण, वेअरमथ, डिसेंबर १९९३ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज फुटबॉलचे क्रीडांगण आहे. म्हणजे ज्या धंद्यासाठी हा मेळावा जन्मला तो धंदा तेथून नाहीसा होऊन तीस वर्षे उलटली, तरी धून वाजते आणि माणसे उभी राहतात. व्यवहारी कार्यकर्त्याला यात निव्वळ गतकाळाचा उमाळा दिसण्याचा संभव आहे. शोकसभा, धर्मगृहातील प्रार्थना, बँडबाजा, हे सारे लढ्याची धार बोथट करणारे आहे, अशी शंका आपल्या चळवळीत नवी नाही. ती शंका अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु खाणकामगारांच्या स्मृतीसाठी गेल्या नव्वद वर्षांत जे संगीत रचले गेले त्याचा इतिहास तपासला, तर निराळा प्रश्न समोर येतो. शोक करावा की करू नये, हा तो प्रश्न नव्हे. शोकाबरोबर हिशेबाची वही कोण सांभाळतो, हा खरा प्रश्न आहे.

ग्रेसफर्ड हे उत्तर वेल्समधील रेक्सहॅमजवळचे गाव. २२ सप्टेंबर १९३४ रोजी, शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास, तेथील खाणीच्या डेनिस नावाच्या विभागात स्फोट झाला आणि आग भडकली. २६६ माणसे मृत्यू पावली. त्यांत बचावासाठी उतरलेले तिघे होते. वर आणता आले ते अवघे अकरा मृतदेह. आग आटोक्यात येईना, तेव्हा रविवारी संध्याकाळी खाणीची तोंडे बंद करण्याचा निर्णय झाला. अडीचशेहून अधिक माणसे जिथे पडली तिथेच राहिली आणि आजही तिथेच आहेत. खाणीचे इतर विभाग १९३६ साली पुन्हा सुरू झाले आणि पुढे १९७३ पर्यंत त्याच जमिनीखालून कोळसा निघत राहिला.

चौकशीत खाणकामगारांची बाजू सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी मांडली आणि तीही फी न घेता. १९४२ साली योजना घेऊन दिल्लीला आलेले क्रिप्स मराठी वाचकाला ठाऊक आहेत. ग्रेसफर्डचे क्रिप्स फारसे ठाऊक नाहीत. समाजवादी म्हणून त्यांच्या खात्यावर जे काही जमा धरायचे, त्यात दिल्लीपेक्षा ग्रेसफर्डची रक्कम मोठी आहे, असे म्हणायला हरकत नसावी. त्यांच्या उलटतपासणीतून निघालेली एक गोष्ट फार बोलकी आहे. खाणीत हवा किती खेळते याची ठरावीक मुदतीने मोजणी करून ती वहीत नोंदवणे कायद्याने बंधनकारक होते. दुर्घटनेआधी कित्येक आठवडे अशी मोजणीच झाली नव्हती, आणि वहीतले आकडे मागाहून रचून भरले होते. स्फोटक वायू साठत होता खाणीत, आणि हवा खेळत होती ती वहीत.

पुढे न्यायालयात खटला उभा राहिला. बरेचसे आरोप गळाले. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल १४० पौंड दंड झाला, आणि त्यावर काही खर्च. १४० पौंड २६६ माणसांवर वाटले तर माणशी साधारण साडेदहा शिलिंग पडतात. हा भागाकार क्रूर वाटेल, पण तो करण्याची पद्धत ब्रिटिश खाणकामगारांनीच पाडलेली आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी दक्षिण वेल्समधील सेंगेनिद येथे झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार आणि बचावपथकातील एक जण असे ४४० बळी गेले. ब्रिटनच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी खाणदुर्घटना. तेव्हा मॅनेजरला २४ पौंड दंड झाला, आणि माणशी एक शिलिंग सव्वा पेनी हा हिशेब तेथील वृत्तपत्रानेच छापला. म्हणजे एकवीस वर्षांत खाणकामगाराच्या जिवाचा भाव जवळजवळ दसपट झाला! मजुरीच्या दरात अशी प्रगती झाल्याचे दाखवणारे कोष्टक कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

रॉबर्ट सेंट हा डरहॅम परगण्यातील हेबर्नचा माणूस. स्वतः खाणीत काम केलेला आणि बँडमध्ये वाजवणारा. १९०५ साली जन्मला, १९५० साली वारला. ग्रेसफर्ड त्याच्या गावापासून दूर, डोंगरांपलीकडे, वेल्समध्ये. मेलेल्यांशी त्याचे नाते धंद्याचे होते, आणि खाणकामगारांच्या लेखी हे नाते रक्ताच्या नात्याहून पातळ नव्हते. त्याने रचलेली धून १९३८ च्या डरहॅम मेळाव्यात वाजवली गेली आणि तेव्हापासून ती मेळाव्याची झाली. संगीतशास्त्राच्या दृष्टीने ती साधी आहे. प्रार्थनामंदिरात रविवारी म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रांचा जो घाट, तोच तिचा घाट. गावातल्या कोणत्याही बँडला ती वाजवता यावी अशी ती आहे. तिचे असाधारणपण शब्दांच्या अभावात आहे.

हे जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. खाणींच्या गावांत मेथॉडिस्ट पंथाचा जोर मोठा होता. कामगार संघटनेचे जुने पुढारी पुष्कळदा या पंथाचे प्रवचनकार असत. मृत्यू ओढवला की तयार स्तोत्रे होती, आणि त्यांत तयार उत्तरही होते: ईश्वरी इच्छा. मालकाच्या वकिलाला याहून सोयीचे उत्तर कोणते? उलट, मालकाचा धिक्कार करणारे शब्द घातले असते तर ते न्याय्यच ठरले असते; पण ती धून मग कॅथीड्रलमध्ये वाजली नसती. कॅथॉलिक, मेथॉडिस्ट, कम्युनिस्ट आणि कशावरच विश्वास नसलेला म्हातारा विधुर, हे चौघे एका मैदानात एकाच वेळी तिच्यासाठी उभे राहिले नसते. सेंटने काहीच म्हटले नाही. मृत्यूचे कारण त्याने देवावर टाकले नाही आणि कोणाला क्षमाही केली नाही. कारण काय ते चौकशीच्या कागदांत होते, कामगार संघटनेच्या दप्तरात होते, आणि धून संपल्यावर व्यासपीठावरून ते सांगणारी माणसे होती. थोडक्यात, शब्द धुनेच्या बाहेर होते, पण हाकेच्या अंतरावर होते. ते अंतर वाढले की काय होते, ते पुढे दिसेलच.

या संगीतामागचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. बँड म्हणजे वाद्ये, गणवेश, तालमीची जागा, प्रवासखर्च आणि शिकवणारा माणूस. हे सारे कोठून येत असे? काही प्रमाणात मालकांकडून, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. संध्याकाळी कॉर्नेट फुंकणारा मजूर दारूच्या गुत्त्यात जाणार नाही आणि सभेलाही जाणार नाही, असा मालकांचा होरा होता. होऱ्याचा पहिला अर्धा भाग कितपत खरा ठरला हे सांगणे कठीण. दुसरा साफ चुकला, कारण सभेच्या अग्रभागी तेच कॉर्नेट वाजू लागले. परंतु मोठा वाटा कामगारांच्या आठवड्याच्या वर्गणीचा होता. आणि १९२० च्या कायद्याने एक नवी गोष्ट आली. काढलेल्या कोळशाच्या प्रत्येक टनामागे एक पेनी खाणकामगार कल्याण निधीत जमा होऊ लागली. सभागृहे, मैदाने, खाणीच्या तोंडाशी आंघोळीची सोय या गोष्टी त्या पेनीतून उभ्या राहिल्या. टनामागची पेनी ही शेवटी कामगाराच्या श्रमातूनच निघालेली होती, पण ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, हा फरक मोठा आहे.

दक्षिण वेल्समध्ये हाच पैसा आणि हीच माणसे गायकवृंदांत दिसतात. खाणकामगारांच्या संस्थांची ग्रंथालये जशी वर्गणीतून वाढली तसे पुरुषांचे गायकवृंदही वाढले. १९५० साली अमेरिकन सरकारने पॉल रॉब्सन यांचे पारपत्र काढून घेतले. १९५७ साली पोर्थकॉल येथे वेल्सच्या खाणकामगारांच्या संगीतोत्सवात ते येऊ शकत नव्हते, म्हणून अटलांटिकखालच्या तारेवरून त्यांचा आवाज आणला गेला. ते न्यूयॉर्कहून गायले आणि ट्रिओर्कीच्या गायकवृंदाने वेल्समधून त्यांना गाण्यानेच उत्तर दिले. हा कार्यक्रम ज्या संघटनेने घडवून आणला ती सभासदांच्या पैशावर चालणारी कामगार संघटना होती. कोणत्याही कलाअकादमीला ते सुचले नव्हते.

१९१३ साली ब्रिटनमध्ये अकरा लाखांहून अधिक माणसे कोळशाच्या खाणींत काम करीत होती. मार्च १९८४ ते मार्च १९८५ हा वर्षभराचा संप सुरू झाला तेव्हा त्या फौजेतला एक लहान भाग उरला होता, आणि संप मोडल्यानंतर तोही विरघळू लागला. मुंबईचा गिरणी संप ज्यांनी पाहिला त्यांना या हकिगतीचा उत्तरार्ध समजावून सांगण्याची गरज नाही. संप मागे घेतल्यावर अनेक गावांतले कामगार निशाण आणि बँड पुढे घालून खाणीवर परतले. पराभवाची ती मिरवणूक होती, पण मिरवणूकच होती; मान खाली घालून एकेकट्याने फाटकातून आत शिरणे नव्हते.

यॉर्कशरमधील ग्राइमथॉर्प या खाणीचा बँड १९१७ साली स्थापन झालेला. १९७३ साली हॅरिसन बर्टविसल यांच्यासारख्या अवघड नवसंगीतकाराने त्याच्यासाठी रचना केली, एवढा त्याचा दर्जा. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी ब्रिटनच्या सरकारने ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली. तीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. ग्राइमथॉर्प त्या यादीत होती. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये याच बँडने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. मे १९९३ मध्ये खाण बंद झाली. १९९६ साली या घटनांवर बेतलेला चित्रपट निघाला आणि जगभर गाजला. बँड आजही आहे आणि उत्तम वाजवतो. खाण मात्र नाही. चित्रपटाच्या प्रेक्षकांनी डोळे पुसले, हे काही वाईट नव्हे. पण ग्राइमथॉर्पचे नाव तिच्या बेकारीपेक्षा तिच्या संगीतामुळे अधिक लोकांना ठाऊक व्हावे, यात बाजाराची एक खास रीत दिसते. श्रमाला गिऱ्हाईक उरले नाही की श्रमिकाच्या दुःखाला गिऱ्हाईक मिळते.

इथवर खलनायक ओळखीचा आहे: खाजगी मालक, आणि नंतर मालकधार्जिणे सरकार. परंतु समाजवादी वाचकाने ज्या प्रकरणापाशी अधिक वेळ थांबले पाहिजे ते अबरव्हानचे आहे.

ब्रिटनच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४७ रोजी झाले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, दक्षिण वेल्समधील अबरव्हान गावावर खाणीतल्या मलम्याची टेकडी घसरली. ती झऱ्यावर रचलेली होती. प्राथमिक शाळेत मुले नुकतीच वर्गांत बसली होती. १४४ बळी गेले. त्यांत ११६ मुले होती. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत पुरले’ असे लिहा, अशी मागणी एका बापाने मृत्यूच्या चौकशीत केली. १९६७ च्या न्यायाधिकरणाने दोष निःसंदिग्धपणे मंडळावर ठेवला. तरीही कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. मुलामागे मंडळाने ५०० पौंड दिले. जगभरातून लोकांनी पाठवलेल्या मदतीचा निधी साडेसतरा लाख पौंडांपर्यंत गेला होता. गावावर उरलेले मलम्याचे ढीग हलवावेत यासाठी गावकऱ्यांना झगडावे लागले, आणि १९६८ साली त्या कामाच्या खर्चापोटी दीड लाख पौंड या मदतनिधीतूनच घेण्यात आले. तेव्हा सत्तेवर मजूर पक्ष होता. ही रक्कम १९९७ साली परत केली गेली. जितकी घेतली तितकीच, व्याजाचा एक पैसाही न धरता. तिच्या आजच्या मोलाचा विचार करून वेल्सच्या सरकारने वीस लाख पौंड दिले ते २००७ साली.

मालकी समाजाची झाली म्हणजे हिशेब आपोआप समाजाच्या बाजूने लागतो, ही समजूत अबरव्हानच्या शाळेत गाडली गेली. आपल्याकडे १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूरनजीकच्या सिलेवाडा खाणीत पाणी शिरून दहा कामगार गेले, आणि २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे ३७५. दोन्ही ठिकाणी व्यवस्थापन सरकारी होते. राष्ट्रीयीकरणाची मागणी चुकीची होती असा याचा अर्थ मुळीच नाही. राष्ट्रीयीकरणानंतर कामगार संघटनेचे काम संपत नाही, उलट ते अवघड होते, एवढाच याचा अर्थ आहे. कारण ज्याला दोष द्यायचा तो आता ‘आपला’ असतो.

अबरव्हानच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षात, ८ ऑक्टोबर २०१६ रोजी, कार्डिफ येथे कार्ल जेन्किन्स यांचा ‘कँटाटा मेमोरिया’ प्रथम सादर झाला. शब्द मेरेरिड हॉपवुड यांचे, वेल्श आणि इंग्रजीसह अनेक भाषांतले. मोठा वाद्यवृंद, गायकवृंद, मुलांचे आवाज, ब्रिन टर्फेल यांच्यासारखा नामांकित गायक. रचना काळोखातून प्रकाशाकडे जाते आणि बालपणाचा आनंदही तिने गाइला आहे. ज्यांची मुले गेली त्यांच्यासाठी प्रकाशाकडे नेणारे संगीत रचणाऱ्याला दोष देणे हृदयशून्यपणाचे होईल. सांत्वन हेच त्या रचनेचे काम आहे आणि ते ती करते. तथापि अबरव्हानचे दुसरे, लहानसे संगीत विसरू नये. दुर्घटनेनंतर त्या परिसरातल्या पुरुषांनी एकत्र येऊन अनिसओवेन हा गायकवृंद उभा केला. दीड लाख पौंडांचा प्रश्न तीस वर्षे जिवंत ठेवला तोही याच गावच्या माणसांनी आणि मोजक्या अभ्यासकांनी. गाणे आणि हिशेब एकाच गल्लीत राहत होते.

मग ज्या ठिकाणी गाव विखुरले, संघटना क्षीण झाली, तेथे मैफलीच्या सभागृहातील संगीताने काय करावे? याला मिळालेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर अमेरिकेतले आहे. ज्यूलिया वुल्फ यांचा ‘अँथ्रासाइट फील्ड्स’ हा ऑरेटोरिओ एप्रिल २०१४ मध्ये फिलाडेल्फियात प्रथम सादर झाला आणि २०१५ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. विषय पेनसिल्व्हेनियाच्या कठीण कोळशाच्या खाणी. विजेची गिटार धरून सहा वादकांचा संच आणि गायकवृंद. शोकसंगीताची ठरीव गोडी इथे नाही.

पहिल्या भागात गायकवृंद नावे उच्चारतो. १८६९ ते १९१६ या काळातील पेनसिल्व्हेनियाच्या खाणअपघातांची एक सूची आहे. तिच्यातली सारी नावे घेणे अशक्य, इतकी ती लांब. म्हणून रचनाकर्तीने फक्त ‘जॉन’ नावाची माणसे घेतली आणि त्यांतही ज्यांचे आडनाव एकाच अक्षरावयवाचे आहे तेवढीच. चाळणी इतकी बारीक लावूनही नावे संपता संपत नाहीत. संख्याशास्त्राच्या वर्गात नमुनापाहणी शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. नमुना एवढा, तर समग्र किती, हे श्रोत्याला कोष्टकाशिवाय कळते. दुसरा भाग कोळशातून दगड वेचणाऱ्या मुलांचा. तिसरा कामगार पुढारी जॉन लुईस यांच्या अमेरिकन काँग्रेसपुढील भाषणावर आधारलेला. इथे मात्र शब्द संगीताच्या आत आले आहेत, आणि आरोपही. चौथा भाग खाणकामगारांच्या घरांपुढल्या बागांचा. त्यात नुसती फुलांची नावे. हा भाग फार कोवळा आहे, आणि कदाचित जरा जास्तच लांबलेला.

पाचवा भाग सर्वांत कठोर आहे आणि ऐकताना तो कठोर वाटत नाही, ही त्याची खुबी. कोळशावर चालणाऱ्या दैनंदिन क्रियांची ती यादी आहे: घर उजळणे, पाणी तापवणे, गाडीने प्रवास करणे. शेवटी फीबी स्नो येते. ही एका रेल्वे कंपनीच्या जुन्या जाहिरातीतली कल्पित तरुणी. कंपनीची इंजिने कठीण कोळशावर चालत, त्याला धूर कमी, म्हणून प्रवासाअंतीही तिचा झगा पांढराशुभ्र राही. सूचीतले जॉन आणि ही शुभ्रवस्त्रा एकाच रचनेत आणून बसवली की निराळे भाष्य करावे लागत नाही. ग्रेसफर्डच्या धुनेने मालकाचे नाव घेतले नाही, कारण मैदानात ते सर्वांना ठाऊक होते. इथे तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यालाच खातेवहीत ओढले आहे: नावे यांची, आणि ऊब तुमची. हा हिशेब जुन्या युनियनने मांडला नसता. तिचा रोख मालकाकडे असे, ग्राहकाकडे नव्हे. उद्याच्या ऊर्जेविषयीच्या वादात, जेथे खाणी बंद करण्याची मागणी पर्यावरणाच्या नावाने होते आणि खाणकामगाराने पुढे काय करावे हे कोणी सांगत नाही, तेथे हा भाग कार्यकर्त्यांनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे.

तरीही या दोन्हींत भेद उरतोच. ‘अँथ्रासाइट फील्ड्स’ सादर करायला कसलेला गायकवृंद लागतो, निधी लागतो, सभागृह लागते. श्रोता बाहेर पडतो आणि हिशेब त्याच्या सदसद्विवेकावर सोपवलेला असतो. डरहॅमच्या मैदानात धून संपते तेव्हा पुढचा वक्ता उभा राहतो. आणि तो त्या वर्षीच्या वेतनवाढीविषयी, इस्पितळांविषयी, चालू संपाविषयी बोलतो.

आइसलंडचे संगीतकार योहान योहान्सन यांनी २०१० साली बिल मॉरिसन यांच्या जुन्या चित्रफितींच्या जुळणीसाठी ‘द मायनर्स हिम्स’ ही रचना केली. ती डरहॅमच्या कॅथीड्रलमध्येच प्रथम सादर झाली, आणि वाजवणारे बँडवाले त्याच भागातले होते. तिच्या भागांना दिलेली शीर्षके खाणींच्या निशाणांवरच्या वचनांची आठवण करून देतात. श्रमिकांचा लढा ही जगाची आशा आहे, या अर्थाचे शीर्षक अखेरच्या भागाला आहे. परदेशी रचनाकाराने मन लावून केलेले हे काम आहे. ज्या श्रोत्याला ते शीर्षक कोठून आले हे ठाऊक नाही, त्यालाही ते सुंदरच वाटेल. खरा धोका तिथेच आहे. योहान्सन यांचा त्यात काही दोष नाही. हाकेचे अंतर वाढले की असेच होते.

डरहॅममध्ये ते अंतर फार वाढले नाही, याचे कारण भावनेत शोधण्यापेक्षा वर्गणीच्या पावतीपुस्तकात शोधावे. १८६९ साली स्थापन झालेली डरहॅम खाणकामगार संघटना खाणी संपल्यावरही विसर्जित झाली नाही. सभासदांच्या वेतनातून कापली जाणारी वर्गणी मात्र आटली, आणि मेळाव्याचा खर्च, ज्यात बँडांचे मानधन ही मोठी बाब, कोणी सोसायचा असा पेच पडला. मद्य कंपनीची किंवा बँकेची जाहिरात निशाणांमागे लावणे हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी ‘मेळाव्याचे मित्र’ या नावाने सामान्य माणसांकडून नियमित वर्गणी गोळा करण्याची योजना निघाली. तीत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, इतर संघटनांच्या शाखा आहेत. जुनी निशाणे जीर्ण झाली तर गावे पैसे जमवून नवी करून घेतात, कायमच्या बंद झालेल्या खाणींची. मेळाव्याच्या दिवशी दुपारी ती कॅथीड्रलमध्ये नेली जातात आणि तेथे बँड ‘ग्रेसफर्ड’ वाजवतो. निशाणाच्या दोऱ्या धरणाऱ्यांत आता खाणीत उतरलेला माणूस क्वचित असतो. त्या त्याच्या मुली आणि नातवंडे धरतात, आणि वर्गणीची पावतीही त्यांच्याच नावावर फाटते.